घरटी एक लाकूड

आमच्या घरात चुलीला लाकूड नव्हतं आणि हे विमानांच्या पेट्रोलची वीस वर्षांची तरतूद करत बसले होते. एवढ्या एका वाक्यात माझा सगळा संसार आला, पण पुढे जे झालं ते त्या लाकडावरूनच झालं, म्हणून नीट सांगते.

हे म्हणजे आमचे मधुकरराव, बांधकाम खात्यात ओव्हरसिअर. वर्ध्याहून आमची उचलबांगडी झाली ती जामला. जाम म्हणजे काय, तर दोन सडका जिथे भेटतात तिथे चार चहाची दुकानं, एक पंक्चर काढणारा आणि दिवसभर भोंगे वाजवत जाणारे ट्रक. गावापलीकडच्या मोकळ्या रानात नवा विमानतळ होणार होता. होणार होता, झाला नव्हता. धावपट्टी म्हणजे चुन्याच्या दोन रेघा, आणि त्या रेघांवर गाई चरायच्या. पण विमान उतरलं की त्याला पेट्रोल लागणार. ते हिंगणघाट स्टेशनात रेल्वेच्या वाघिणींतून येणार, तिथून टँकरने सडकेवरून इथे, मग जमिनीत पुरलेल्या टाक्यांत, आणि टाक्यांतून नळाने धावपट्टीपर्यंत. धावपट्टी बांधायच्या आत हे सगळं ठरायला हवं होतं, आणि ते ठरवण्याचं काम यांच्या गळ्यात पडलं होतं.

"आधी पेट्रोल, मग विमान," हे सगळ्यांना सांगायचे.

"आधी लाकूड, मग पोळी," मी म्हणायची. ते यांना ऐकू जायचं नाही.

नुकताच आपला मुलूख मुंबई राज्यात गेला होता. फाइल नागपूरला होती की मुंबईला, की दोघींच्या मध्ये कुठे गाडीत झोपली होती, कोणाला पत्ता नव्हता. त्यामुळे हे सतत टपाल बघायला जायचे. जेवताना उठायचे, उभ्यानेच नकाशा बघायचे, परत बसायचे. ताटातल्या भाकरीचे तुकडे टाक्यांसारखे मांडायचे. भाकरी ही खायची वस्तू आहे हे मी सांगायचं आणि यांनी हसून एक टाकी तोंडात टाकायची. सुरुवातीला मला गंमत वाटली. मग लक्षात आलं की हा माणूस कामाच्या हौसेने अस्वस्थ नाही, याला काहीतरी टोचतं आहे. माझं म्हणाल तर मीही काही शांत बाई नव्हे. घरात एकजण येरझारा घालायला लागला की दुसऱ्याचेही पाय हलायला लागतात.

टोचत होती ती सखूबाईची विहीर.

रानाच्या कडेला एक बरड होता, म्हणजे मुरुमाचा उंचवटा. बाकी सगळी काळी माती. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, तिच्यात टाकी पुरली तर टाकी वाकणार. म्हणून टाक्या बरडावर बसवायच्या असं ठरलं. सडक जवळ, धावपट्टी जवळ, नळाचा खर्च कमी. नकाशावर पाहिलं तर कोणीही शाबासकी देईल. पण बरडाच्या उताराला, खालच्या अंगाला सखूबाईची वाडी होती. वांगी, मेथी, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, मिरच्या. दर बाजाराला ती आणि तिची सून टोपल्या घेऊन हिंगणघाटला जायच्या. त्या वाडीत तिची विहीर होती, आणि त्या शिवारात गोड पाणी म्हणाल तर तेवढंच. बाकीच्या विहिरी मचूळ, डाळ शिजायची नाही. अर्धं जाम सखूबाईच्या विहिरीवर पाणी भरायचं, मीसुद्धा. आणि ही विहीर नकाशात नव्हती! नकाशात बांधीव विहिरी दाखवायच्या असा नियम, आणि सखूबाईची विहीर कच्ची, वर नुसते चार दगड आणि मोटेचं चाक.

यांनी लढाईच्या काळात कुठल्याशा धावपट्टीवर उमेदवारी केली होती. तिथे जमिनीतली टाकी झिरपली होती आणि खालच्या विहिरीच्या पाण्याला पेट्रोलचा वास यायला लागला होता. लढाई संपली, विमानं गेली, टाकी उपसून काढली, तरी वास गेला नव्हता. हे मला यांनी सांगितलं, पण मोठ्या इंजिनिअरांना, प्रभाकररावांना, सांगताना यांची जीभ अडखळली असणार. यांनी नाल्यापलीकडची दुसरी जागा सुचवली होती. तिथेही मुरूम होता आणि उतार विहिरीपासून दूर जात होता. पण नळ लांब पडणार होता आणि नाल्यावर एक मोरी बांधावी लागणार होती. प्रभाकरराव म्हणाले, "मधुकर, वीस वर्षांनी विहिरीचं पाणी पिणार आहे कोण? घरोघर नळ येतील." झालं. हे "होय सर" म्हणून परत आले आणि तेव्हापासून भाकरीच्या टाक्या मांडायला लागले.

"परत बोला की त्यांच्याशी," मी म्हटलं.

"एकदा बोललो."

"एकदा बोललं की संपलं? मी लाकडाचं रोज बोलते."

"खात्यात तसं नसतं, पद्मा."

बरडावर खुंट्या ठोकल्या गेल्या. बाभळीच्या, हातभर लांब, डोकी लाल रंगवलेली. धुळवडीच्या सकाळी दिल्लीहून विमान खात्याचे ताराचंदसाहेब प्रभाकररावांबरोबर येणार होते. त्यांना सण कळत नव्हता की त्यांच्याकडे तो वेगळ्या दिवशी होता, कोण जाणे. ते जागा बघणार, होकार देणार, आणि मग ब्रह्मदेवालाही बदलता येणार नाही.

सखूबाई खुंट्या बघून माझ्याकडे आली होती. पदरात वांगी घेऊन आली, तशी ती कधी रिकाम्या हाताने यायचीच नाही.

"काय वो बाई, थ्या खुंट्या कायच्या ठोकून राह्यले भाऊ?"

"पेट्रोलच्या टाक्या बसणार आहेत तिथे."

"माह्या विहिरीले काई होईन का?"

मी काय सांगणार? म्हटलं, "हे बघताहेत." ती म्हणाली, "भाऊ बघून राह्यले तं मले घोर नाई." आणि खरंच निश्चिंत मनाने निघून गेली. तिच्या पाठमोऱ्या चालण्याचा मला असा राग आला म्हणता! माणसाने इतका विश्वास टाकू नये दुसऱ्यावर. टाकणारा मोकळा होतो आणि ज्याच्यावर टाकला तो अडकतो.

होळीच्या दिवशी यांनी चौकीदार मोतीलालला खुंट्या सांभाळ म्हणून दहा वेळा बजावलं. त्या गावची रीत आम्हाला ऐकून माहीत होती. होळीला लाकडं चोरून आणायची. कोणाचं फाटक, कोणाची बाज, कोणाचा मोडका नांगर. ज्याचं गेलं त्याने रागवायचं नाही, परत मागायचं नाही, उलट सकाळी हसून विचारायचं, "माझं बरं जळलं ना?" मोतीलाल म्हणाला, "साहेब, सरकारी खुंटीले हात लावाची कोनाची हिंमत हाय?" हे जरा निवांत झाले. रात्री मारुतीपुढे होळी पेटली, मुलांनी शेणाच्या चाकोल्यांच्या, म्हणजे भोकाच्या छोट्या गोवऱ्यांच्या, माळा वाहिल्या, पुरुषांनी मनसोक्त बोंब मारली. मीही नारळ घेऊन गेले होते. ज्वाळा इतक्या उंच गेल्या की सडकेवरचे ट्रकवाले थांबून बघायला लागले. त्यात काय काय जळत होतं ते धुरात कोणाला दिसणार?

धुळवडीला उजाडताच हे रानात गेले आणि तसेच पळत परत आले.

"खुंट्या नाहीत!"

"म्हणजे?"

"म्हणजे नाहीत! एकही नाही!"

आम्ही दोघं मारुतीकडे धावलो. होळीची राख अजून धगधगत होती आणि तिच्यावर बायकांनी आंघोळीच्या पाण्याच्या घागरी ठेवल्या होत्या. राखेच्या कडेला एका खुंटीचं डोकं पडलं होतं, लाल. बाजूलाच मोतीलाल उभा होता, आपादमस्तक पळसाच्या रंगात. त्याच्या गळ्याला हे हात घालणार असं मला वाटलं.

"मोतीलाल, हे कोणी केलं?"

"म्या केलं साहेब," तो म्हणाला. लाज नाही, भीती नाही.

"तू? चौकीदार तू!"

मोतीलाल माझ्याकडे वळला. "बाई, आमच्या गावात घरटी एक लाकूड लागते होळीले. ज्या घरचं लाकूड नाई, थे घर गावाचं नाई. रात्री पोट्टे तुमच्या घरी आलते. अंगनात पाह्यलं, मांगं पाह्यलं, काडी नाई सापडली. मले म्हणे, ओरसेरच्या घरचं राह्यलं, आता कसं? मंग म्या म्हटलं, खुंट्या त्याईच्याच हायेत. तुमचं नाव होळीत आलं पाह्यजे का नाई?"

यांनी कपाळावर हात मारला. मला मात्र हसू आवरेना. महिनाभर मी लाकडासाठी टाहो फोडत होते, माझं कोणी ऐकलं नाही, आणि आता आमच्या घरात काडी नाही म्हणून अख्ख्या विमानतळाची होळी झाली होती. आणि ती कोणी खोडसाळपणाने केली नव्हती. आम्हाला गावात घेतलं होतं त्यांनी! यापरतं काय बोलायचं?

"हसतेस काय?" हे ओरडले. "साहेब येतील आता!"

सगळी मापं यांच्या डोक्यात पाठ होती. मोतीलालने बाभळीच्या फांद्या तोडून भराभर खुंट्या तासल्या. रंगाचा डबा रिकामा, म्हणून पोरांच्या पिचकारीतला लाल रंग डोक्यांना फासला. पण मापायची साखळी धरायला माणूस मिळेना. अर्धं गाव भांगेत, अर्धं रंगात. मोतीलालच्या हातात एक टोक दिलं तर तो साखळी घेऊन भलत्याच दिशेला निघाला. शेवटी मीच पदर खोचला आणि टोक हातात घेतलं.

बरडावर ऊन तापायला लागलं होतं. हे पलीकडून हातवारे करत होते. "पुढे! अजून पुढे! आता ताण!" मी पुढे गेले आणि थांबले. माझ्या पायाशी उतार सुरू होत होता आणि उताराच्या शेवटी विहीर. सखूबाई मोटेच्या जागी उभी राहून दोराने पाणी शेंदत होती, कारण तिच्या मोटेचं चाकही रात्री होळीत गेलं होतं. ती मला हात करून हसली.

मी साखळी खाली टाकली.

"पद्मा! ताण ना!"

"नाही ताणत."

हे धापा टाकत आले. "काय झालं?"

"तुम्ही दुसऱ्यांदा बोलणार आहात की नाही ते सांगा, मग ताणते."

"आता? साहेब येताहेत आणि तू आता हे काढतेस?"

"मग कधी काढू? वीस वर्षांनी विमानं किती येतील ते मोजलंत. त्यांना पेट्रोल किती लागेल ते मोजलंत. या विहिरीवर वीस वर्षांत किती घागरी येतील ते कोणी मोजायचं? मी?"

"माझ्या हातात काय आहे, पद्मा?"

"खुंट्या आहेत."

यांनी हातातल्या खुंट्यांकडे पाहिलं. मला वाटलं आता हे चिडतील, टाकतील, काहीतरी बोलतील. हे मटकन खाली बसले. माणूस महिनाभर उभा असला की असाच बसतो. मला दया आली, पण मी साखळी उचलली नाही. आणि तेवढ्यात सडकेकडून धुरळा उठला.

जीप आली. प्रभाकरराव उतरले, पाठोपाठ ताराचंदसाहेब, अंगाने जाड, घामाघूम, कपड्यांवर वाटेत कोणीतरी उडवलेला निळा रंग. ते चिडलेले नव्हते, तहानलेले होते. प्रभाकररावांनी बरडावर नजर फिरवली.

"मधुकर, खुंट्या कुठे आहेत?"

हे काही बोलणार तोच उतारावरून सखूबाई आली. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात गुळाचा खडा. उन्हात आलेल्या माणसाला आधी गूळपाणी, मग काय ते. तिला कोणी सांगितलं नव्हतं. साहेबांनी गूळ तोंडात टाकला, तांब्या उंच धरून घटाघटा प्यायले, थांबले, आणि परत प्यायले.

"वाह! मीठा पानी!" ते म्हणाले. "कहाँ का है?"

मी यांच्याकडे पाहिलं. यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण उभे राहिले.

"सर, हे त्या विहिरीचं पाणी आहे," हे म्हणाले, मोडक्यातोडक्या हिंदीत, पण न अडखळता. "टाक्या इथे बसल्या आणि कधी झिरपल्या, तर ते पेट्रोल उतारावरून तिच्यातच जाईल. ती नकाशात नाही कारण कच्ची आहे. पण गाव तिचंच पाणी पितं. नाल्यापलीकडे दुसरी जागा आहे. नळ लांब पडेल. खुंट्या मी इथे ठोकणार नाही."

प्रभाकररावांचा चेहरा पळसासारखा लाल झाला. "मधुकर, हे ठरलेलं आहे—"

साहेबांनी हात वर केला. उतार पाहिला, विहीर पाहिली, नाल्यापलीकडे बोट करून दोन-चार प्रश्न विचारले. यांनी उत्तरं दिली. महिनाभर भाकरीवर तीच उत्तरं पाठ केली होती यांनी, अडतील कशाला? साहेब म्हणाले, ठीक आहे, टाक्या नाल्यापलीकडे न्या. विहिरीच्या डोक्यावर पेट्रोल ठेवणं हा वेडेपणा आहे.

अहो, मला तिथेच यांच्या पाया पडावंसं वाटलं. मी कधी पडत नाही. यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं हे ताठ झाले आणि मला पहिल्यांदा कळलं की हा माणूस उंच आहे.

साहेब जीपकडे वळले आणि मध्येच थांबले. हातात अजून तांब्या होता.

"प्रभाकररावजी, पेट्रोलची सोय झाली. एअरपोर्टच्या पाण्याची काय सोय आहे?"

प्रभाकरराव गडबडले. "सर, ते अजून... त्याचा विचार..."

"विचार काय करायचा?" साहेबांनी तांब्या उंचावला. खुशीत होते. "वीस वर्षांचं पाणी इथेच आहे! विहीर घेऊन टाका. भोवतीची जमीनसुद्धा. बांधून काढा, पंप बसवा, कुंपण घाला." मग यांच्या पाठीवर थाप मारली. "चांगलं दाखवलंत तुम्ही. आजच चार कोपऱ्यांना खुंट्या ठोका." तांब्या सखूबाईला परत दिला, तिला हात जोडले, आणि जीप धुरळा उडवत गेली.

हे तसेच उभे राहिले. हातात त्याच खुंट्या.

सखूबाईला हिंदी अर्धवट कळलं होतं. ती माझ्याजवळ आली.

"साहेब काय म्हणले वो बाई? टाकी हटली नं?"

"हटली."

"मंग भाऊ असे काऊन उभे हायेत?"

यांनी सांगायला हवं होतं. यांच्याने होईना. मी सांगितलं. "सखूबाई, विहीर सरकार घेणार म्हणतात. वाडीसकट. विमानतळाला पाणी हवं आहे. कुंपण घालणार आहेत."

 तिने हातातल्या रिकाम्या तांब्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"म्या त्याले पानी द्याले नोको होतं का वो, बाई?"

रडणारी बाई समोर असती तर मी समजूत घातली असती. ही रडत नव्हती, खरोखर विचारत होती. तहानलेल्या माणसाला पाणी द्यायचं की नाही हे ती माझ्याकडून शिकायला तयार होती. माझ्या अंगाची लाही लाही झाली. साहेबाचा राग, प्रभाकररावांचा राग, यांचा राग, सगळ्यात जास्त माझाच. मी यांच्या हातातल्या खुंट्या हिसकावून घेतल्या आणि चालू लागले. हे मागून हाका मारत आले, सखूबाई आली, मोतीलाल आला. मी थेट मारुतीपाशी जाऊन थांबले. राख अजून धगधगत होती. एका घागरीखाली मी सगळ्या खुंट्या सारल्या. ओल्या फांद्यांनी धूर केला, मग धरल्या.

"पद्मा, काय केलंस हे?"

"घरटी एक लाकूड," मी म्हटलं. "काल न विचारता नेलं होतं, आज हाताने दिलं."

"होळीतलं लाकूड परत मागाचं नसते, साहेब," मोतीलाल गंभीरपणे म्हणाला.

हे राखेकडे बघत राहिले. डोळ्यांत धूर गेला होता की काय, पुसत होते.

"उद्या नव्या कराव्या लागतील ग," हे हळूच म्हणाले. "हुकूम आहे."

 सखूबाई पुढे झाली. पदराने घागरीचा काठ धरून तिने तापलेलं पाणी खाली उतरवलं आणि यांच्यापुढे ठेवलं.

"करा नं भाऊ," ती म्हणाली. "होळी काय यंदाच हाय? पुढल्या सालीबी घरटी लाकूड लागनच. आंग धुवून घ्या, पानी थंडं होते."